दप्तरातील तबकड्या आणि संगणकातील ड्राइव्ह

(लोणी काळभोर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून हा केवळ कारागिराचा विषय आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. संगणकाच्या कॅबिनेटमध्ये एक ड्राइव्ह बसवायचा, चार स्क्रू आवळायचे, दोन केबल जोडायच्या. यात सरपंचांनी वा मुख्याध्यापकांनी बसून ऐकावे असे काय आहे? शंका रास्त आहे. परंतु कार्यालयातील लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा डोळ्यांसमोर आणला, की तिचे उत्तर मिळते. त्या कप्प्यात फ्लॉपी असतात, सीडी असतात, क्वचित एखाद्या पाकिटात कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड असते. त्यांच्यावर कोणाच्या तरी हस्ताक्षरात सालाची नोंद असते. आणि कार्यालयात असलेल्या नव्या संगणकाला ती घालण्यासाठी कोठेही खाच नसते. कागद आहे पण तो वाचणारा नाही, अशी ही स्थिती होय.

लोणी काळभोर व त्याच्या आसपासच्या गावांना हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक जवळचा आहे. पुणे-सोलापूर महामार्ग, लोहमार्ग, इंधनाचे मोठे साठे आणि शिक्षणसंस्थांचा विस्तार यांमुळे पूर्व हवेलीचा हा पट्टा झपाट्याने बदलला. शहराची हद्द सरकत आली. २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत ११ गावे समाविष्ट झाली. त्यांत फुरसुंगी व उरुळी देवाची ही होती. २०२१ मध्ये आणखी २३ गावे गेली. त्यांत याच रस्त्यावरील मांजरी बुद्रुक व शेवाळेवाडी ही होती. पुढे २०२४ मध्ये फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. राजकीय बाजू बाजूला ठेवून केवळ दप्तराच्या दृष्टीने याकडे पाहावे. ज्या गावाचा कारभार सात वर्षांत ग्रामपंचायतीकडून महापालिकेकडे आणि महापालिकेकडून नगरपरिषदेकडे जातो, त्या गावाच्या दप्तराने दोन वेळा घर बदललेले असते. कागदाच्या वह्या मोजून, यादी करून, सही घेऊन सोपविता येतात. तबकड्यांचा खोका सोपविताना मात्र यादीत बहुधा एवढेच लिहिले जाते, की सीडी, नग इतके. आत काय आहे हे देणाऱ्याला पाहता येत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही.

सर्वच अभिलेखांची अशी दशा आहे असे मात्र समजू नये. सात-बाराचा उतारा २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीसह मिळू लागला आणि त्याचा साठा गावातील एखाद्या यंत्रावर अवलंबून राहिला नाही. प्रश्न उरतो तो मधल्या काळातील संचिताचा. संगणक गावात पोचला होता, परंतु जाळे पोचले नव्हते किंवा भरवशाचे नव्हते, तो हा काळ. राज्यात २०११ मध्ये ‘संग्राम’, म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, हा प्रकल्प सुरू होऊन ग्रामपंचायतींत संगणक व तो चालविणारी माणसे आली. अनेक शाळांत व पंचायत समित्यांत तर ती त्यापूर्वीच आली होती. त्या काळात पाणीपुरवठा योजनेचा आराखडा ठेकेदाराने सीडीवर दिला, घरांच्या पाहणीची यादी फ्लॉपीतून तालुक्याला गेली, शाळेच्या कार्यक्रमाची छायाचित्रे तबकडीवर उतरवून घेतली, असे सर्रास होत असे. त्या वस्तू आजही कपाटात आहेत.

पुण्याला या प्रश्नाचे एक जुने रूप चांगले माहीत आहे. येथील पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत. ते बहुतांशी मोडी लिपीत आहेत. रुमाल सोडला की कागद दिसतो, शाई दिसते, अक्षरेही दिसतात. परंतु मोडी शाळांतून गेल्यानंतर ती वाचणारी माणसे विरळ झाली आणि मोडीचे वर्ग मुद्दाम घेण्याची वेळ आली. तरी तेथे एक आधार आहे. मोडी शिकलेला माणूस त्या कागदापाशी बसला, की दोनशे वर्षांपूर्वीचा मजकूर बोलू लागतो. फ्लॉपीचे तसे नाही. तिच्यापाशी कितीही विद्वान माणूस बसला, तरी ड्राइव्ह नसेल तर ती प्लॅस्टिकची चकती आहे.

जगात इतरत्रही हा अनुभव आला आहे. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाच्या आज्ञेने जमिनींची व मालमत्तेची मोठी मोजणी झाली. तिचे पुस्तक ‘डूम्सडे बुक’ म्हणून ओळखले जाते. त्यास ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने त्याची नवी आवृत्ती संगणकावर तयार केली. शाळाशाळांतील मुलांनी आपल्या गावांची माहिती व छायाचित्रे पाठविली आणि ती सर्व मोठ्या लेझर तबकड्यांवर साठविण्यात आली. जेमतेम पंधरा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि तो ठेवा वाचविण्यासाठी तज्ज्ञांना वेगळा प्रकल्प हाती घ्यावा लागला. १०८६ चे पुस्तक मात्र अजून उघडून वाचता येते.

आपल्याकडील कायद्याने ही गोष्ट ओळखली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या सातव्या कलमात इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील अभिलेख जतन केला असे केव्हा म्हणता येईल, ते सांगितले आहे. त्यातील पहिलीच अट अशी, की ती माहिती पुढे संदर्भासाठी वापरता येईल अशा रीतीने उपलब्ध राहिली पाहिजे. तबकडी कुलुपात आहे एवढ्याने जतन होत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या दुसऱ्या कलमात तर माहिती मिळविण्याच्या प्रकारांत डिस्केट, फ्लॉपी, फिती व चित्रफिती यांची नावे घेऊन उल्लेख आहे. त्याच वर्षीच्या केंद्राच्या शुल्क नियमांत फ्लॉपीमागे ५० रुपये असा दरही होता. समजा, एखाद्या नागरिकाने पंधरा वर्षांपूर्वीच्या घरपट्टी आकारणीच्या यादीची प्रत मागितली. ती यादी सीडीवर आहे आणि कार्यालयात सीडी ड्राइव्ह नाही. अशा वेळी ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर देणे खरे होईल काय? माहिती उपलब्ध आहे. अनुपलब्ध आहे तो काही शे रुपयांचा ड्राइव्ह.

येथपर्यंत प्रस्तावना झाली. आता पेटी उघडू या.

प्रथम नावाचा एक घोळ दूर करणे बरे. कार्यालयांतून ज्या उभ्या पेटीला सरसकट ‘सीपीयू’ म्हणतात, तिचे नाव कॅबिनेट. सीपीयू ही आतल्या मदरबोर्डावरील तळहातापेक्षाही लहान अशी वस्तू आहे. दुरुस्तीच्या मागणीपत्रात ‘सीपीयू बदलणे’ असे लिहिल्यामुळे भलत्याच वस्तूचे दरपत्रक येऊ शकते, म्हणून हा खुलासा. कॅबिनेटच्या तोंडाशी वरच्या बाजूस रुंद कप्पे असतात. त्यांना सव्वापाच इंची म्हणतात. त्यांत सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह बसतो. त्याखाली अरुंद, साडेतीन इंची कप्पा असतो. तो फ्लॉपी ड्राइव्हचा किंवा मेमरी कार्ड वाचणाऱ्या कार्ड रीडरचा. मौज अशी, की ही मापे कप्प्याची नसून एके काळच्या फ्लॉपीची आहेत. सव्वापाच इंची फ्लॉपी १९७६ च्या सुमारास आली आणि गेली; तिचे माप तेवढे कॅबिनेटमध्ये राहून गेले. अलीकडच्या पुष्कळ कॅबिनेटांत हे कप्पेच नसतात. म्हणून नवा संगणक घेताना कार्यालयाने मागणीपत्रात एक तरी सव्वापाच इंची कप्पा मागून घ्यावा. जागा मागावयाची ती खरेदीच्या वेळीच.

कप्प्यानंतर पाहावयाची ती केबल. ड्राइव्ह जुना असेल तर त्याच्या पाठीशी ४० पिनांची रुंद जागा असते. तिला आयडीई म्हणतात. नवा असेल तर सात संपर्कांची चिंचोळी साटा जागा असते आणि तिच्या शेजारी वीजपुरवठ्यासाठी १५ संपर्कांची दुसरी. साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्हला ३४ तारांची पट्टी लागते. मदरबोर्डावर ज्या प्रकारची जागा असेल, त्याच प्रकारचा ड्राइव्ह चालणार. नव्या मदरबोर्डावर आयडीई व फ्लॉपी यांच्या जागा उरलेल्या नाहीत. हे न पाहता ड्राइव्ह विकत आणणे म्हणजे पायाचे माप न घेता चपला आणण्यासारखे आहे.

या ठिकाणी एक व्यावहारिक प्रश्न विचारला जातो: बाहेरून यूएसबीने जोडावयाचे ड्राइव्ह मिळतात, मग पेटी उघडावीच कशाला? दहा-बारा सीडी असतील, तर खरोखरच उघडू नये. बाहेरचा ड्राइव्ह आणावा आणि काम उरकावे. साडेतीन इंची फ्लॉपीसाठीही असा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो. परंतु कपाटभर तबकड्या असतील आणि हे काम महिनोन्‌महिने चालणार असेल, तर आत पक्का बसविलेला ड्राइव्हच सोयीचा. बाहेरचा ड्राइव्ह पिशवीत मावतो आणि कार्यालयातून बहुधा पिशवीतूनच जातो. सव्वापाच इंची फ्लॉपींसाठी मात्र बाहेरचा सोपा मार्ग नाही. त्यासाठी पंचायत समितीच्या पातळीवर एक जुना, चालू संगणक त्याच्या ड्राइव्हसह राखून ठेवावा, हे शहाणपणाचे.

आणि येथेच आजच्या भाषणातील मुख्य सूचना येते. जुने संगणक निर्लेखित करून लिलावात काढण्यापूर्वी त्यांतील ड्राइव्ह काढून घ्यावेत. याला काटकसरीपेक्षा मोठे कारण आहे. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये वाचण्या-लिहिण्याचे टोक चकतीवरील ८० वर्तुळाकार पट्ट्यांवर मागेपुढे सरकते. वापराने हे टोक आपल्या नेमक्या जागेपासून किंचित ढळते. ढळलेल्या ड्राइव्हने लिहिलेली फ्लॉपी त्याच ड्राइव्हमध्ये बिनबोभाट चालते. दुसऱ्या, अगदी नव्या ड्राइव्हमध्ये ती ‘वाचता येत नाही’ म्हणून बाहेर येते. म्हणजे त्या फ्लॉपीचा सर्वांत चांगला वाचक तिला लिहिणारा ड्राइव्हच होय. तो भंगारात दहा-वीस रुपयांना गेला, तर त्याबरोबर कपाटातील फ्लॉपीही गेल्या. त्या तेथे दिसत राहतील एवढेच. तेव्हा निर्लेखनाच्या प्रस्तावाला तबकड्यांची यादी जोडावी. त्या उतरवून झाल्या आहेत अशी नोंद असल्याशिवाय यंत्र हलवू नये. हार्ड डिस्क तर कधीच तशीच जाऊ देऊ नये, कारण तिच्यावर नागरिकांची माहिती असते.

आता प्रत्यक्ष काम. संगणक हमीच्या मुदतीत असेल आणि कॅबिनेटवर विक्रेत्याची मोहोर असेल, तर आधी त्याला विचारावे. मोहोर फोडल्यावर हमी नाकारली गेली, तर त्याचा खुलासा कार्यालयालाच करावा लागतो. नंतर संगणक रीतसर बंद करून भिंतीतील पिन उपसून काढावी. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. पिन काढल्यावर कॅबिनेटचे चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला भार निघून जातो. वीजपुरवठ्याची जी बंद डबी आत असते, जिला एसएमपीएस म्हणतात, ती कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. पिन काढल्यानंतरही तिच्यात धोकादायक दाब राहू शकतो.

दुसरी काळजी स्थिर विजेची. हिवाळ्याच्या अखेरीस हवा कोरडी झाली, की लोकरी कपडा काढताना चटचट आवाज येतो. तीच वीज बोटातून मदरबोर्डावर उतरली तर ठिणगी दिसणारही नाही, पण नाजूक भाग निकामी होऊ शकतो. त्यासाठी काम सुरू करण्यापूर्वी आणि मधूनमधून कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या धातूला हात लावावा. सतरंजीवर उभे राहून हे काम करू नये. लाकडी टेबल उत्तम.

कॅबिनेटची बाजूची पाट काढल्यावर समोरच्या तोंडावरील आंधळी पट्टी आतून ढकलून काढावी. तिच्यामागे काही वेळा पत्र्याचा दुसरा पडदा असतो. तोही काढावा लागतो आणि त्याची कड बोटे कापते. मग ड्राइव्ह समोरून आत सरकवावा. मागून घालण्याचा प्रयत्न पुष्कळ जण करतात व मदरबोर्डाला धक्का देतात. ड्राइव्हचे तोंड कॅबिनेटच्या तोंडाशी सपाट आले, की दोन्ही बाजूंना दोन-दोन स्क्रू घालावेत. हे स्क्रू बारीक आट्यांचे असतात. हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे. ते येथे जोर लावून बसविले तर आटे मोडतात. लांब स्क्रूही चालत नाही, कारण त्याचे टोक ड्राइव्हच्या आत जाऊन यंत्रणेला लागू शकते. चारही स्क्रू आधी सैल बसवून मगच आवळावेत. खाटेच्या दोऱ्या विणताना जी रीत, तीच येथे. एक कोपरा आधी आवळला की दुसरा जुळत नाही.

केबल जोडताना घाई नको. साटा केबलचे तोंड इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखे असते, त्यामुळे ते उलटे बसत नाही. जोर लावला तर मात्र प्लॅस्टिकची जीभ मोडते. आयडीईच्या पट्टीची एक कड तांबडी असते. ती कड पहिल्या पिनेकडे यावी. बहुतेक ड्राइव्हमध्ये ती बाजू वीजपुरवठ्याच्या जागेला लागून असते. एकाच पट्टीवर दोन यंत्रे असतील, तर मागच्या इवल्याशा टोपणाने, म्हणजे जंपरने, एकाला मुख्य व दुसऱ्याला दुय्यम ठरवावे लागते. दोन्ही मुख्य ठरविली तर बहुधा एकही नीट ओळखले जात नाही, हा अनुभव सभा-समित्यांतील मंडळींना नवा नसावा. वीजपुरवठ्याच्या जुन्या केबलीत चार तारा असतात: पिवळीत १२ व्होल्ट, तांबडीत ५ व्होल्ट आणि दोन काळ्या. फ्लॉपीच्या ३४ तारांच्या पट्टीत एका टोकाजवळ काही तारा पीळ देऊन उलटविलेल्या दिसतात. तो दोष नव्हे. पिळाच्या पलीकडे जोडलेला ड्राइव्ह ‘ए’ ठरतो, एवढाच त्याचा अर्थ. पट्टी उलटी बसली, तर संगणक चालू केल्याबरोबर फ्लॉपी ड्राइव्हचा दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. असे दिसल्यास यंत्र बंद करून पट्टी सुलट करावी. कार्ड रीडरची केबल मदरबोर्डावरील नऊ पिनांच्या यूएसबी जागेवर बसते. दहाव्या पिनेची जागा रिकामी असते आणि केबलच्या तोंडातही तेथे छिद्र नसते, तेवढी खूण पुरे.

शिक्षक मंडळींना एक गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. मुले विचारतात, की संगणकात ‘सी’ ड्राइव्ह असतो तर ‘ए’ आणि ‘बी’ कोठे गेले? ती दोन अक्षरे फ्लॉपी ड्राइव्हसाठी राखून ठेवलेली होती. फ्लॉपी गेली, तरी तिची पाटी कोणी काढली नाही.

पाट लावण्यापूर्वी संगणक एकदा चालू करून पाहावा. जुन्या यंत्रात सुरुवातीच्या मांडणीत, म्हणजे बायॉसमध्ये, फ्लॉपी ड्राइव्ह ‘आहे’ असे नोंदवावे लागते. नवा ड्राइव्ह आल्यावर आधीच्या ड्राइव्हांची अक्षरे क्वचित बदलतात. हिशेबाचा एखादा कार्यक्रम ‘डी’ वरील फाइल शोधत असेल, तर तो अडतो. घाबरण्याचे कारण नाही. अक्षर पूर्ववत करता येते.

आता तबकडीकडे वळावे. बुरशी आलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये कधीही घालू नये. पावसाळ्यात दमट कपाटात राहिलेल्या चकतीवर पांढुरके ठिपके दिसतात. ती घातली की बुरशी वाचणाऱ्या टोकाला लागते आणि पुढच्या दहा चांगल्या फ्लॉपी खराब होतात. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातील सरकती खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिले जात नाही. सव्वापाच इंचीत नेमके उलटे: तेथे कडेची खाच झाकली म्हणजे संरक्षण मिळते. सीडी मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. आणि तिची नाजूक बाजू चकाकणारी नसून नाव लिहिण्याची आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. माहितीचा थर त्या बाजूला पातळ लेपाखाली असतो. बॉलपेनने दाबून ‘ग्रामसभा’ असे लिहिले, तर ग्रामसभेचीच माहिती जावयाची. ट्रे अडकल्यास तोंडावरील बारीक छिद्रात सरळ केलेली यू पिन घालून हलके दाबावे. तो बाहेर येतो. अर्थात यंत्र बंद करून.

एका साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावतात. पानाला दोन हजार अक्षरे धरली, तर साध्या मजकुराची सातशेच्या वर पाने झाली. एका सीडीत अशा जवळजवळ पाचशे फ्लॉपी मावतात. तेव्हा अख्ख्या कार्यालयाच्या जुन्या तबकड्या आजच्या साध्या हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यात राहतील. जागेची अडचण नाही. अडचण वाचण्याची आहे.

ती वाचण्याची अडचण ड्राइव्ह बसल्यानंतरही एकदा डोके वर काढते. फाइल उघडावी तो पडद्यावर रोमी अक्षरे, चिन्हे व चौकोन यांची खिचडी दिसते. तबकडी बिघडली असे समजून ती टाकून देऊ नये. मराठीने संगणकावर येताना पुष्कळ वळणे घेतली आहेत. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिच्या जिस्ट कार्डाने पडद्यावर देवनागरी आणली, आणि ते कार्डही कॅबिनेट उघडून मदरबोर्डाच्या खाचेतच बसवावे लागे. पुढे सी-डॅकचे आयएसएम, पुण्याचेच श्रीलिपी, असे अनेक अक्षरसंच कार्यालयांत रुळले. प्रत्येकाची अक्षरांना क्रमांक देण्याची रीत वेगळी. युनिकोड सर्वत्र रुजण्यापूर्वीचा मजकूर त्या-त्या अक्षरसंचाखेरीज वाचता येत नाही. म्हणून जुन्या संगणकातून ड्राइव्ह काढताना त्याच्या हार्ड डिस्कवरील अक्षरसंचही जपावेत. मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत, परंतु जोडाक्षरे व रफार यांत ती कधी कधी चुकतात. घरांच्या यादीत एक रफार सरकला, तर आडनाव बदलते आणि मालकही. बदललेला मजकूर माणसाने मूळ प्रतीशी ताडून पाहावा, मूळ फाइल तशीच जपावी, आणि हे काम गावातील आडनावे जाणणाऱ्या जुन्या कर्मचाऱ्याकडे द्यावे.

काढघाल करता येणाऱ्या माध्यमांतून मजकूर येतो तसे विषाणूही येतात. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा संगणक विषाणू फ्लॉपींवरूनच देशोदेशी गेला. पुण्यात गणकयंत्रे व संगणक दुरुस्त करणारे कैलास काटकर यांच्याकडे असे बाधित संगणक येऊ लागले, तेव्हा त्यांचे बंधू संजय यांनी त्यावर उपाय म्हणून कार्यक्रम लिहिला. दुरुस्तीच्या दुकानातून एक उद्योग उभा राहिला. तात्पर्य, जुनी तबकडी उघडण्यापूर्वी ती तपासून घ्यावी, आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवावी, आणि शक्य तर हा संगणक कार्यालयाच्या जाळ्यापासून वेगळा ठेवावा. फ्लॉपी आत ठेवून यंत्र कधीही सुरू करू नये. जुनी यंत्रे सर्वप्रथम तिच्यावरूनच सुरू होऊ पाहतात.

उतरविलेल्या मजकुराच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या इमारतींत असाव्यात. १९६१ च्या पानशेतच्या पुरात पुण्यात काठावरच्या घरांतील व संस्थांतील किती कागदपत्रे एका दिवसात गेली, हे आठवणारी वडीलधारी माणसे अजून आहेत. प्रत्येक तबकडीपुढे वहीत तिच्यावरील मूळ लेख, ती उतरविल्याचा दिनांक, फाइलींची संख्या आणि उतरविणाऱ्याची सही असावी. जेथे वाद न्यायालयात जाण्याचा संभव आहे, तेथे फाइलीचे हॅश मूल्यही काढून ठेवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात ते मूल्य मागितले आहे. हे मूल्य म्हणजे फाइलीचा अंगठा समजावा. फाइलीतील एक अक्षर बदलले तरी तो जुळत नाही. न वाचता आलेल्या तबकड्यांचीही नोंद करावी. त्या फेकू नयेत. आज न वाचलेली फ्लॉपी उद्या दुसऱ्या गावच्या ड्राइव्हमध्ये वाचली जाऊ शकते. म्हणून शेजारच्या कदमवाकवस्ती, थेऊर, उरुळी कांचन अशा गावांनी आपापले ड्राइव्ह एकमेकांना वापरू देण्याची सोय केली, तर प्रत्येकाला सर्व प्रकार बाळगण्याची गरज पडणार नाही.

राहता राहिली ती काढून ठेवलेली आंधळी पट्टी. ती व उरलेले स्क्रू एका पाकिटात घालून कॅबिनेटच्या आतच चिकटवून ठेवावेत. काम संपून ड्राइव्ह पुढच्या कार्यालयात गेला, की ते तोंड उघडे पडते आणि आपल्याकडील कार्यालयांत अशा उघड्या तोंडातून धूळ, पाल व उंदीर यांपैकी कोण आधी आत शिरेल, एवढाच प्रश्न असतो.